एका लपविलेल्या दुखण्याविषयी

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संमेलनात बोलावे असे आमंत्रण कार्यवाहांनी आम्हांस दिले, तेव्हा त्यांची अपेक्षा अशी होती की, पाटबंधारे खात्यात बत्तीस वर्षे नोकरी केलेला हा गृहस्थ धरणांविषयी अथवा कालव्यांविषयी काही सांगेल. आम्ही विषय कळविला, तेव्हा त्यांनी आमचे पत्र दोनदा वाचले असावे, कारण त्याच संध्याकाळी त्यांचा दूरध्वनी आला आणि "कार्यक्रमपत्रिकेत नक्की काय छापायचे?" असा प्रश्न त्यांनी मोठ्या संकोचाने केला. आम्ही म्हटले, "आरोग्यविषयक चार शब्द, एवढेच छापा." त्याप्रमाणे ते छापले आहे. परंतु व्यासपीठावर आल्यावर आडपडदा ठेवण्यात अर्थ नाही. आमचा विषय आहे, प्रोस्टेट ग्रंथीच्या शस्त्रक्रियेनंतर पुरुषांची लघवी जी आपोआप गळू लागते ती गळती, आणि ती थांबविण्यासाठी आज उपलब्ध असलेल्या शस्त्रक्रिया.

आम्ही डॉक्टर नव्हेत. जे सांगणार आहोत ते आम्ही भोगलेले आहे, आमच्या डॉक्टरांना विचारविचारून समजून घेतलेले आहे, आणि निवृत्त माणसाला जो भरपूर वेळ असतो त्यात वाचून पडताळलेले आहे. विषय ऐकून भगिनीवर्गापैकी काहीजणी उठण्याच्या विचारात दिसतात. त्यांना आमची विनंती आहे की, त्यांनी अवश्य बसावे. हे दुखणे होते पुरुषाला, पण त्याची धुणी धुतात त्या, आणि घरात ते प्रथम ओळखतात त्याही त्याच.

इ. स. २०१७ च्या उन्हाळ्यात आमच्या प्रोस्टेट ग्रंथीत कर्करोग असल्याचे निदान झाले. आमचे वय तेव्हा सहासष्ट होते. शस्त्रक्रिया करून संपूर्ण ग्रंथी काढण्यात आली. ती उत्तम झाली, रोग समूळ निघाला, आणि त्याबद्दल त्या शल्यविशारदांचे ऋण आम्ही जन्मभर मानू. पुढे लघवीची नळी काढली त्या दिवशी आम्ही खाटेवरून उठून उभे राहिलो, आणि लघवी पायांवरून खाली ओघळली. लागल्याची भावना नाही, कळ नाही. फरशी ओली झाली तेव्हा कळले. "होईल हळूहळू बरे," असे आम्हांस सांगण्यात आले, आणि ते खोटे नव्हते, बहुतेकांचे होतेही. आमचे मात्र झाले नाही. महिना गेला, सहा महिने गेले, वर्ष लोटले. दिवसाला पाच-सहा पॅड लागत. रात्री आडवे झाले की गळती जवळजवळ बंद. सकाळी पाय जमिनीला टेकला की पुन्हा सुरू, आणि दिवस कलू लागला की अधिकच. खोकला, शिंक, हसणे, नातवाला उचलणे, खुर्चीतून उठणे, यांपैकी कशानेही ती होई.

या काळात आम्ही काय काय सोडले याचा हिशेब पुढे केव्हातरी मांडला, तेव्हा आम्हीच चकित झालो. प्रथम सकाळची पूजा मुलाकडे दिली, कारण नेसलेले सोवळे दहा मिनिटेही सोवळे राहीना. मग फिकट रंगाचे कपडे गेले. मग एस. टी. चा प्रवास गेला. सांगलीस सख्ख्या पुतण्याचे लग्न होते. गुडघा दुखतो असे कळवून आम्ही गेलो नाही. भावाने ते मनाला लावून घेतले आणि कित्येक महिने तो आमच्याशी नीट बोलला नाही. याच मंडळाच्या २०१८ आणि २०१९ च्या वार्षिक सभांचे इतिवृत्त कोणी काढून पाहिले, तर "प्रकृतिअस्वास्थ्यामुळे अनुपस्थित" या सदराखाली दोन्ही वर्षी आमचे नाव सापडेल. त्या अस्वास्थ्याचा खरा तपशील आज या इतिवृत्तात जाऊ द्यावा.

आणखी एक मूर्खपणा आम्ही केला, तो येथे अनेकजण करीत असतील म्हणून सांगतो. गळू नये म्हणून पाणी पिणेच कमी केले. त्याने गळती थांबत नाही. लघवी दाट होते, मूत्राशयास झोंबते, वास वाढतो, जंतुसंसर्गाला आमंत्रण मिळते आणि बद्धकोष्ठ होतो तो निराळाच. सौभाग्यवती सर्व पाहत होत्या. त्या मागच्या दारी कपडे वाळत घालीत आणि एक अक्षर बोलत नसत. आम्हीही बोलत नसू. अशी अडीच वर्षे गेली.

दर काही महिन्यांनी आम्ही तपासणीस जात असू. रक्तातील पी. एस. ए. चे प्रमाण पाहिले जाई, ते नगण्य निघे, डॉक्टर समाधानाने मान हलवीत आणि आम्हीही समाधान दाखवून परत येत असू. कर्करोगाची मोजणी अचूक होत होती. माणसाची करावी असे कोणास सुचले नाही. आम्हांलाही तोंड होते, ते आम्ही उघडले नाही. तेव्हा दोष एकट्या डॉक्टरांच्या माथी मारता येत नाही. २०१९ च्या पावसाळ्यात डॉक्टरांच्या जागी एक तरुण साहाय्यक होता. त्याने सहज विचारले, "काका, दिवसाला पॅड किती लागतात?" त्या प्रश्नाला उत्तर देताना आमचा आवाज गेला. तो म्हणाला, "अहो, मग इतके दिवस थांबलात कशाला? याच्यावर शस्त्रक्रिया आहे." ती १९७२ सालापासून आहे, हे आम्हांस मागाहून कळले.

आता थोडे शरीररचनेविषयी. आम्हांस समजले ते आमच्या धंद्याच्या भाषेत सांगतो. मूत्राशय हा तलाव, मूत्रमार्ग हा त्यातून निघणारा पाट. प्रोस्टेट ही निरोगी तरुणपणी अक्रोडाएवढी असलेली ग्रंथी तलावाच्या तोंडाशीच, पाटाला चारही बाजूंनी वेढून बसलेली. या पाटाला दोन दारे आहेत. एक वर, मूत्राशयाच्या मुखाशी. दुसरे ग्रंथीच्या खाली. ही दारे म्हणजे कड्यासारखे स्नायू. डॉक्टर त्यांना स्फिंक्टर म्हणतात. आपण वलयस्नायू म्हणू. वरचे दार आपोआप मिटलेले राहते, खालचे आपण इच्छेने आवळू शकतो. कर्करोगासाठी ग्रंथी समूळ काढताना वरचे दार तिच्याबरोबर जाते. मग सगळा भार एकट्या खालच्या दारावर पडतो. ते बळकट असेल तर काही महिन्यांत जबाबदारी पेलते. त्याला किंवा त्याच्या मज्जातंतूंना इजा झालेली असेल तर पेलत नाही. निजल्यावर पाण्याचा दाब कमी, म्हणून रात्री कोरडे. उभे राहिल्यावर आणि पोटावर ताण आल्यावर दाब वाढतो, म्हणून गळती. संध्याकाळी थकलेला स्नायू अधिकच ढिला पडतो. हे ऐकल्यावर आम्हांस प्रथमच वाटले की, आपल्याला काही लाजिरवाणे झालेले नसून एक दार नादुरुस्त झालेले आहे.

वयोमानाने वाढलेली ग्रंथी मूत्रमार्गातून दुर्बीण घालून आतून खरवडून काढतात, ती शस्त्रक्रिया निराळी. तीत कायमची गळती क्वचितच होते. तेव्हा आमचे भाषण ऐकून ज्यांची ती शस्त्रक्रिया ठरली आहे त्यांनी घाबरून ती रद्द करू नये.

या शस्त्रक्रियांच्या इतिहासात आपल्या देशाचा एक धागा आहे. पीटर फ्रेयर नावाचे आयरिश शल्यविशारद १८७५ पासून सुमारे वीस वर्षे इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये होते. उत्तर हिंदुस्थानात मूतखडे फोडण्यात त्यांनी मोठे नाव मिळविले. लंडनला परतल्यावर १९०० साली त्यांनी मूत्राशय उघडून वाढलेली ग्रंथी बोटाने सोडवून काढली आणि त्या पद्धतीचा जगभर प्रसार केला. न्यूयॉर्कच्या फुलर यांनी तसे आधीच केले होते असा वाद पुढे माजला. मोठ्या माणसांचे वादही मोठे. कर्करोगासाठी संपूर्ण ग्रंथी काढण्याची शस्त्रक्रिया बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात ह्यू हॅम्प्टन यंग यांनी १९०४ मध्ये केली, आणि त्याच रुग्णालयात १९८२ मध्ये पॅट्रिक वॉल्श यांनी ग्रंथीलगतचे मज्जातंतू राखून ती करून दाखविली. आता यंत्रमानवाच्या हातांनी ती होते. प्रत्येक सुधारणेने रुग्णाचे हाल कमी झाले, पण गळती नाहीशी झाली नाही. ग्रंथी जेथे आहे तेथेच दारे आहेत, याला शल्यविशारद तरी काय करणार?

गळती सुरू झाली म्हणजे लगेच शस्त्रक्रियेकडे धावायचे नसते. प्रथम व्यायाम. अमेरिकेतील आर्नल्ड केगेल या स्त्रीरोगतज्ज्ञांनी प्रसूतीनंतर ढिल्या पडलेल्या स्नायूंसाठी १९४८ मध्ये जो व्यायाम सांगितला, तोच पुरुषांनाही सांगतात. गुदद्वाराजवळचे स्नायू आत ओढून काही क्षण धरावयाचे आणि सोडावयाचे, असे दिवसातून अनेकदा. योगाभ्यास केलेल्यांना यात मूलबंधाची आठवण होईल. हा व्यायाम नेटाने करणाऱ्यांचा बरे होण्याचा काळ लवकर येतो. परंतु ज्याचे दारच मोडले आहे त्याला केवळ व्यायामाने ते मिळत नाही, आणि अशा माणसाला "तुम्ही मनापासून करीत नाही" असे म्हणणे हा अन्याय होय. आम्ही तो स्वतःवरच वर्षभर केला. आजची शास्त्रीय मार्गदर्शक तत्त्वे असे सांगतात की, सहा महिने होऊनही सुधारणा दिसत नसेल तर शस्त्रक्रियेचा विचार करण्यास हरकत नाही, आणि वर्षानंतरही त्रास देणारी गळती राहिली तर रुग्णापुढे उपचाराचा पर्याय ठेवलाच पाहिजे.

त्याआधी काही तपासण्या लागतात. दुर्बिणीने पाहावे लागते, कारण जोडाच्या जागी मूत्रमार्ग आकसला असेल तर आधी तो मोकळा करावा लागतो. मूत्राशय स्वतःच अवेळी आकुंचन पावत असेल, म्हणजे लघवीची एकाएकी अनावर घाई होऊन गळत असेल, तर तो रोग निराळा; त्याला औषधे आहेत, आणि दार बसवून त्याचे समाधान होत नाही. यासाठी मूत्राशयातील दाब मोजतात. तिसरी तपासणी अगदी घरगुती. चोवीस तासांतील सर्व पॅड पिशवीत घालून त्यांचे वजन करावयाचे आणि कोऱ्या पॅडांचे वजन वजा करावयाचे. सरकारी नोकरीत आम्ही कालव्याची गळती क्युसेकमध्ये मोजली. स्वतःची मोजली ती स्वयंपाकघरातील काट्यावर. ती सव्वापाचशे ग्रॅम भरली. आकडा पाहून डॉक्टर म्हणाले, "पट्टीने भागणार नाही, दारच बसवावे लागेल."

ही पट्टी म्हणजे काय ते सांगतो, कारण येथील काहींना तीच पुरेशी होईल. मोडलेला हात जसा झोळीत घेतात, तशी मूत्रमार्गाखालून कृत्रिम धाग्यांच्या जाळीची पट्टी नेऊन तो उचलून धरतात. ऑस्ट्रियातील इन्सब्रुक येथील रेडर व गोट्सी यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत ही पट्टी मूत्रमार्गाचा खालचा भाग वर व मागे सरकवते, त्यामुळे उरलासुरला वलयस्नायू अधिक चांगला मिटतो. यात हाताने चालविण्याचे काही नाही. लघवी नेहमीप्रमाणेच करावयाची. गळती थोडी किंवा मध्यम असेल, खालच्या दारात काही जीव उरला असेल आणि त्या भागावर क्ष-किरणांचा उपचार झालेला नसेल, तर ही पट्टी उपयोगी पडते. गळती फार असेल किंवा किरणोपचार झाला असेल तर तिच्यावर विसंबत नाहीत.

आमच्या वाट्यास आले ते दुसरे, कृत्रिम वलयस्नायूचे यंत्र. त्याच्याविषयी आम्ही अंमळ विस्ताराने बोलणार आहोत, आणि त्यात आमच्या धंद्याचा अभिमान डोकावला तर श्रोत्यांनी क्षमा करावी.

मूत्रमार्ग बाहेरून दाबून गळती थांबवावी ही कल्पना जुनी. ज्यांच्या नावाची नळी आज प्रत्येक रुग्णालयात आहे, त्या फ्रेडरिक फोली यांनीच १९४७ मध्ये मूत्रमार्गाभोवती फुगणारा पट्टा बसवून तो खिशातल्या पिचकारीने फुगविण्याची युक्ती सुचविली होती. १९६१ मध्ये बेरी यांनी ॲक्रिलिकचा ठोकळा खालून बसविला. पुढे कॉफमन यांनी सिलिकोनची उशी बसविली. या ठोकळ्या-उश्यांची अडचण एकच, आणि ती कोणत्याही पाटकऱ्यास समजेल. कायमचा एकच दाब ठेवला, तो कमी पडला तर पाणी गळते, आणि जास्त झाला तर काठच खचतो. मूत्रमार्ग हा लोखंडी नळ नव्हे. जिवंत मांस आहे, त्याला रक्त लागते. रक्ताच्या दाबाहून अधिक दाबाने तो सतत आवळला, तर रक्त पोचत नाही आणि मांस झिजून भोक पडते.

१९७२ मध्ये ह्यूस्टनचे शल्यविशारद ब्रँटली स्कॉट यांनी, मिनेसोटाचे ब्रॅडली व टिम यांच्या साहाय्याने तयार झालेले पहिले खरे यंत्र रुग्णाच्या शरीरात बसविले. त्या तिघांपैकी टिम हे अभियंते होते, हे आम्ही मुद्दाम नमूद करतो. पहिल्या यंत्रात पट्टा फुगविण्यासाठी एक आणि सोडण्यासाठी एक असे दोन पंप होते. पुढील दहा-अकरा वर्षांत सुधारत सुधारत ते आजच्या रूपास आले, आणि तेव्हापासून त्याची मूळ रचना फारशी बदललेली नाही.

त्याचे भाग तीन. रक्तदाब मोजताना दंडाला बांधतात तसला, पण जेमतेम चार-साडेचार सेंटिमीटर घेराचा सिलिकोनचा पट्टा मूत्रमार्गाभोवती बसतो. पोटाच्या खालच्या भागात एक फुगा राहतो. वृषणकोशात एक छोटा पंप ठेवतात. तिघांना जोडणाऱ्या नळ्या आतल्या आत, बाहेर काही दिसत नाही. सगळे द्रवाने भरलेले. वीज नाही, घट नाही. एरवी पट्टा भरलेला असतो आणि मूत्रमार्ग मिटलेला. लघवी करावयाची झाली की कातड्यावरूनच पंप दोन-तीनदा दाबायचा. पट्ट्यातील द्रव फुग्यात जातो, दार उघडते. पुढे काही करावे लागत नाही. अरुंद वाटेने द्रव सावकाश परत येतो आणि काही मिनिटांत दार आपोआप मिटते.

खरी मख्खी त्या फुग्यात आहे. सामान्यतः वापरतात त्या फुग्याचा दाब पाण्याच्या ६१ ते ७० सेंटिमीटर उंचीच्या स्तंभाइतका असतो, म्हणजे डोक्यावर दोन-सव्वादोन फूट उंचीवर ठेवलेल्या टाकीएवढा. आपल्या रक्तदाबाचा खालचा आकडा ८० धरला, तर तो पाऱ्याचा असतो. पाण्यात त्याची उंची सुमारे १०९ सेंटिमीटर होते. म्हणजे लघवी अडविण्यास पुरेसा आणि रक्त अडविण्यास अपुरा, अशा बेताचा दाब तो फुगा रात्रंदिवस राखतो. पट्ट्यात जास्त द्रव कोंबून कोणी दाब वाढवू म्हणेल, तर जास्तीचा द्रव फुग्यात परत जातो. आम्ही हे गणित रुग्णालयाच्या बाकावर बसून एका पाकिटाच्या पाठीवर केले आणि आमची अर्धी भीती तेथेच गेली. धरणाच्या सांडव्यालाही याहून चोख व्यवस्था आम्ही पाहिलेली नाही.

२०१९ च्या नोव्हेंबरात शस्त्रक्रिया झाली. कमरेखालचा भाग बधिर करून, वृषणकोश आणि गुदद्वार यांच्यामधल्या जागी एक छेद आणि पोटाखाली दुसरा लहान. दोन तासांच्या आत सर्व आटोपले आणि नळी दुसऱ्या दिवशी निघाली. त्यानंतरचे सहा आठवडे मात्र कठीण. कारण जखमा भरेपर्यंत यंत्र मुद्दाम उघडेच ठेवतात, आणि गळती पूर्वीसारखीच राहते. हे आधी ठाऊक नसेल तर माणूस हाय खातो. आम्हांस सांगितले होते, तरी खाल्ली. जानेवारी २०२० मध्ये डॉक्टरांनी पंप दाबून यंत्र सुरू केले. आम्ही उठून उभे राहिलो, दाराकडे चालत गेलो, परत आलो. फरशीकडे पाहिले. कोरडी होती. बाहेरच्या बाकावर सौभाग्यवती बसल्या होत्या. त्यांना काय सांगावे ते सुचेना, म्हणून "चहा घेऊ या" असे म्हटले आणि अडीच वर्षांत प्रथमच दोघे उपाहारगृहात जाऊन बसलो. नशिबाचा खेळ असा की, आम्ही हिंडण्यास मोकळे झालो आणि मार्चमध्ये सगळा देश घरात कोंडला गेला!

संपूर्ण कोरडे झालो असे आम्ही म्हणणार नाही. मोठ्याने खोकलो तर थेंब येतो, आणि प्रवासात अजून एक पातळ पॅड ठेवतो. ब्रिटनमध्ये २७ रुग्णालयांत ३८० पुरुषांवर पट्टी आणि यंत्र यांची तुलना झाली. तिचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. थेंबभरही गळू नये ही कसोटी लावली तर दोन्ही गटांतील दहांपैकी आठांहून अधिक पुरुष वर्षानंतरही अनुत्तीर्ण होते. तरी दोन्ही गटांत गळतीचे प्रमाण व त्रास पुष्कळ उतरला होता आणि बहुतेक समाधानी होते. गंभीर उपद्रव पट्टीत कमी झाले, इतर बऱ्याच बाबतींत यंत्र सरस ठरले. तेव्हा डॉक्टरांकडे जाताना विसाव्या वर्षीचे शरीर परत मागू नये. पुतण्याच्या लग्नाला जाता यावे एवढे मागावे; ते बहुधा मिळते.

यंत्र आहे म्हणजे ते बिघडणारही. स्थूलमानाने पाच वर्षांत चौघांपैकी एकाला आणि दहा वर्षांत निम्म्यांना पुन्हा शस्त्रक्रिया लागते. कधी द्रव झिरपतो, कधी पट्ट्याखालचा मूत्रमार्ग रोडावतो, तर कधी जंतुसंसर्ग होऊन किंवा मूत्रमार्ग झिजून सगळे यंत्रच काढावे लागते. किरणोपचार झालेल्यांत झीज होण्याचा धोका अधिक. शिवाय पंप दाबण्याइतकी बोटांत ताकद आणि तो आठवण्याइतकी बुद्धी शाबूत असावी लागते. ज्यांचे हात कापतात किंवा ज्यांना विस्मरण जडले आहे, त्यांच्या घरच्यांनी हे डॉक्टरांपाशी आधीच स्पष्ट बोलावे.

एक गोष्ट मात्र ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे त्यांनी कोरून ठेवावी. २०२३ च्या पावसाळ्यात आम्हांस तीव्र ताप भरला आणि शुद्ध हरपल्यासारखी झाली. जवळच्या एका रुग्णालयात नेले. लघवीचे प्रमाण मोजायचे म्हणून परिचारिका नळी घेऊन आल्या. आम्ही बोलण्याच्या अवस्थेत नव्हतो. आमच्या सूनबाई पुढे झाल्या आणि म्हणाल्या, "थांबा, यांना आत यंत्र आहे, ते आधी उघडे केल्याशिवाय नळी घालायची नाही." परिचारिकांनी असे यंत्र पाहिलेले नव्हते, आणि यात त्यांचा दोष नाही. सूनबाईंनी आमच्या पाकिटातील कार्ड दाखविले, मूत्ररोगतज्ज्ञांशी बोलणे करून दिले. त्यांच्या सांगण्याप्रमाणे पंप दाबून पट्टा रिकामा केला, पंपावरील बारीक गुंडी दाबून तो तसाच रोखला, आणि मगच बारीक नळी घातली. ती शक्य तितक्या लवकर काढली. मिटलेल्या पट्ट्यातून नळी रेटली असती तर मूत्रमार्ग फाटून सगळे यंत्र गमावण्याची वेळ आली असती. ज्या सुनेसमोर या दुखण्याचे नावही काढावयाचे नाही असे आम्ही एके काळी ठरविले होते, तिने ते वाचविले. यंत्र बसविलेल्याने कार्ड नेहमी जवळ बाळगावे. पण बेशुद्ध माणसाचे पाकीट दुसऱ्यालाच उघडावे लागते, म्हणून घरातील निदान दोघांना तरी सर्व माहीत असावे.

राहिला पैशाचा प्रश्न. तो लहान नाही. नुसत्या यंत्राची किंमतच काही लाखांत जाते. पट्टीचा खर्च बराच कमी. विमा असेल तर कंपनीकडून आधी लेखी विचारून घ्यावे. आपल्या मंडळाच्या वैद्यकीय साहाय्य निधीचे कोषाध्यक्ष येथे बसले आहेत. आम्ही त्यांच्याकडून जुनी अर्जांची वही मागून घेतली आणि पाहिली. हृदयासाठी अर्ज आहेत, मूत्रपिंडासाठी आहेत, मोतीबिंदूसाठी तर पुष्कळ आहेत. या दुखण्यासाठी एकही नाही. आपल्या एवढ्या कुटुंबांत ते कोणालाच नसेल, यावर आमचा विश्वास बसत नाही. अर्जावर दुखण्याचे नाव लिहिण्याचा संकोच वाटत असेल तर बंद लिफाफ्यात द्यावा, तो कार्यकारी मंडळापुढे नावाशिवाय ठेवला जाईल, असे कोषाध्यक्षांनी आम्हांस मान्य केले आहे.

मूत्ररोगतज्ज्ञ पुष्कळ आहेत, पण हे यंत्र बसविण्याचा सराव सर्वांना असतोच असे नाही. "आपण अशा किती शस्त्रक्रिया केल्या आहेत?" असे त्यांना विचारण्यास लाजू नये. चांगल्या डॉक्टरांना त्या प्रश्नाचा राग येत नाही.

भोजनाची वेळ होत आली आहे आणि कार्यवाह घड्याळाकडे पाहू लागले आहेत. समजावून सांगण्यासाठी डॉक्टरांनी आम्हांस यंत्राचा एक नमुना दिला आहे. तो आम्ही पिशवीत घालून आणला आहे. भोजनानंतर तासभर आम्ही कार्यालयामागच्या खोलीत बसणार आहोत. ज्यांना पाहावयाचा असेल त्यांनी एकट्याने यावे किंवा पत्नीस घेऊन यावे. दाराला आतून कडी आहे, आणि शेजारीच प्रसाधनगृह आहे.